दक्षिण सुदान: भूक, पूर, तेल आणि रखडलेली शांतता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुदान आणि दक्षिण सुदान एकच का?

नाही. जानेवारी २०११ मध्ये झालेल्या सार्वमतात ९८.८३ टक्के लोकांनी फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. त्याआधी १९५५ ते १९७२ आणि १९८३ ते २००५ अशी दोन दीर्घ युद्धं झाली होती. दुसऱ्या युद्धात लढाई, उपासमार आणि रोगराईने मिळून सुमारे २० लाख माणसं गेली. देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीच्या आसपास आहे, लोकसंख्या मात्र मुंबई महानगरापेक्षाही कमी.

बातमी वाचताना एक खूण लक्षात ठेवा. खार्तूम (सुदानची राजधानी), दारफूर, अल-फाशर ही नावं आली तर बातमी सुदानची. जुबा (दक्षिण सुदानची राजधानी), मलाकल, बेंटिऊ, बोर, नासिर आली तर दक्षिण सुदानची. मराठी वृत्तपत्रांतही या दोन देशांची सरमिसळ होते आणि मग आकडे एका देशाचे, फोटो दुसऱ्याचा असा घोळ होतो.

स्वातंत्र्य मिळून अडीच वर्षांत यादवी कशी पेटली?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर “डिंका आणि नुएर या जमातींचं वैर” असं एका ओळीत दिलेलं असतं. ते अपुरं आहे आणि दिशाभूल करणारंही आहे. या जमातींत सोयरिकी होत्या, व्यापार होता, गुरांवरून भांडणंही होती. पण देशभर कत्तली व्हायला त्याहून बरंच काही लागतं.

२००५ च्या शांतता करारानंतर तेलाचा पैसा जुबात येऊ लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिणेच्या मुक्ती चळवळीचे नेते जॉन गरांग हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि साल्वा कीर नेते झाले. देशात अनेक सशस्त्र गट होते. त्यातले काही तर खार्तूमच्या बाजूने लढलेले. त्यांच्याशी लढण्यापेक्षा त्यांना सैन्यात घेऊन पगार आणि हुद्दे द्यायचे, असं धोरण ठरलं. त्यातून तात्पुरती शांतता मिळाली, पण सैन्य म्हणजे एका गणवेशातल्या अनेक खासगी फौजा होऊन बसल्या. प्रत्येक तुकडी आपल्या सेनापतीशी बांधलेली. बंड केलं की वाटाघाटी होतात आणि वाटाघाटींत हुद्दा मिळतो, हे सगळ्यांना कळून चुकलं.

जानेवारी २०१२ मध्ये सुदानशी तेलवाहतुकीच्या शुल्कावरून वाद झाला आणि जुबाने स्वतःचंच तेल उत्पादन थांबवलं. एप्रिल २०१३ पर्यंत ते बंद राहिलं. ज्या पैशावर हा सगळा सांधा टिकून होता, तोच आटला. जुलै २०१३ मध्ये कीर (जमातीने डिंका) यांनी उपाध्यक्ष रिएक माचार (नुएर) यांना पदावरून काढलं. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलातच गोळीबार सुरू झाला. पुढच्या काही दिवसांत जुबात नुएर नागरिकांना घराघरांतून शोधून मारण्यात आलं आणि त्याचा सूड बोर, बेंटिऊ, मलाकलमध्ये उगवला गेला. जमातीची ओळख हे या युद्धातलं हत्यार होतं. युद्ध पेटलं ते सत्ता आणि तिजोरीवरून.

२०१८ च्या एका संख्याशास्त्रीय अभ्यासानुसार डिसेंबर २०१३ पासूनच्या साडेचार वर्षांत या युद्धामुळे सुमारे ३ लाख ८३ हजार जादा मृत्यू झाले. त्यातले निम्म्याच्या आसपास थेट हिंसेने, बाकीचे उपचार आणि अन्न न मिळाल्याने.

मग २०१८ चा शांतता करार अजून लागू आहे का?

कागदावर आहे. १२ सप्टेंबर २०१८ रोजी सह्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कीर राष्ट्राध्यक्ष व माचार प्रथम उपाध्यक्ष असं सरकार बसलं. करारातली मोठी कामं मात्र रखडली. दोन्ही बाजूंचे मिळून ८३ हजारांचं एकत्रित दल उभं करायचं होतं. प्रशिक्षण शिबिरांत माणसं गोळा केली, पण अन्न, औषधं, पगार नसल्याने कित्येक निघून गेले. कायमची राज्यघटना झालेली नाही. जनगणना शेवटची झाली ती २००८ मध्ये, म्हणजे देश जन्मण्याआधी. युद्धगुन्ह्यांसाठी आफ्रिकी महासंघाच्या मदतीने संमिश्र (देशी आणि परदेशी न्यायाधीशांचं) न्यायालय स्थापायचं २०१५ पासून ठरलं आहे, ते अजून उभं राहिलेलं नाही. निवडणूक आधी डिसेंबर २०२४ वर आणि मग डिसेंबर २०२६ वर ढकलली गेली.

मार्च २०२५ मध्ये अप्पर नाईल राज्यातल्या नासिर इथला लष्करी तळ ‘व्हाइट आर्मी’ नावाच्या नुएर तरुणांच्या सशस्त्र गटाने ताब्यात घेतला. तिथून सैनिकांना सोडवायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर हल्ला झाला. त्याच महिन्यात माचार यांना नजरकैदेत टाकलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर देशद्रोह, खून आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप ठेवले. कराराच्या दोन मुख्य सह्यांपैकी एक करणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात असेल, तर त्या कराराला अर्थ किती उरतो हा साधा प्रश्न आहे.

तेल आहे, तरी देश इतका गरीब कसा?

सरकारच्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग तेलातून येतो. देशाला समुद्रकिनारा नाही. सगळं कच्चं तेल सुदानमधून जाणाऱ्या नळांतून लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानला जातं. त्यामुळे तेल दक्षिणेचं आणि नळाची चावी उत्तरेकडे अशी कायमची अडचण आहे.

त्यात एक तांत्रिक कटकट आहे. ‘दार’ नावाने विकलं जाणारं तेल मेणचट आहे. गार झालं की गोठतं. ते वाहतं ठेवायला ठराविक अंतरावर पंप आणि तापवण्याची केंद्रं चालू ठेवावी लागतात, त्यांना डिझेल लागतं. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये युद्धक्षेत्रातल्या केंद्रांना डिझेल पोहोचलं नाही, तेल नळातच घट्ट झालं आणि नळ फुटला. निर्यातीचा मोठा भाग जवळजवळ वर्षभर बंद राहिला.

पण नळ चालू असतानाही पैसा लोकांपर्यंत गेला नव्हता. पुढच्या वर्षांचं तेल आधीच गहाण टाकून कर्जं काढली जातात आणि तेलाच्या बदल्यात रस्ते बांधायच्या योजनेतले कोट्यवधी डॉलर कुठे गेले, यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाने २०२५ मध्ये सविस्तर अहवाल दिला. भ्रष्टाचार निर्देशांकात २०२४ साली हा देश १८० पैकी १८० वा होता.

याची झळ बाजारात बसते ती अशी. सैनिकाला अनेक महिने पगार नाही, म्हणून तो रस्त्यावर दोरी बांधून वसुलीचा नाका उभा करतो. जुबाहून मलाकलला नदीने जाणारा मालाचा तराफा अशा कित्येक नाक्यांवर पैसे भरत जातो. प्रत्येक नाक्याचा भुर्दंड शेवटी ज्वारीच्या भावात चढतो. स्वातंत्र्याच्या वेळी एका डॉलरला सुमारे ३ दक्षिण सुदानी पौंड पडत, २०२५ मध्ये ४ हजारांहून जास्त.

‘दुष्काळ जाहीर झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

इथे दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणं नव्हे. अन्नसुरक्षेची आंतरराष्ट्रीय श्रेणी पाच पायऱ्यांची आहे; तिसरी संकटाची, चौथी आणीबाणीची. पाचवी पायरी, म्हणजे दुष्काळ, एखाद्या भागाला लावायला तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्क्यांहून अधिक बालकं तीव्र कुपोषित आणि दर १० हजार लोकांमागे दिवसाला किमान दोन मृत्यू.

या निकषांवर फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटी राज्यातल्या लीर आणि मायेंडिट परगण्यांत दुष्काळ जाहीर झाला. तिथे सुमारे १ लाख लोक त्या अवस्थेत होते. दोन्ही भाग लढाईच्या तोंडावर होते. लोक दलदलीतल्या बेटांवर लपले होते आणि गुरं लुटली गेली होती. एप्रिल ते जुलै २०२५ मध्ये देशभरातले ७७ लाख लोक, म्हणजे ५७ टक्के, तिसऱ्या किंवा त्यावरच्या पायरीत असतील असा अंदाज होता. त्यातही नासिर आणि फांगाक या लढाईच्या भागांत दुष्काळाचा धोका सांगितला गेला.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. दुष्काळाची घोषणा होते तेव्हा बरेच मृत्यू होऊन गेलेले असतात. चौथ्या पायरीच्या बातमीलाच जागं व्हायला हवं.

पूर दरवर्षी येतो, मग हल्लीचं वेगळं काय?

पांढऱ्या नाईलच्या मधोमध ‘सुद्द’ नावाची अफाट दलदल आहे. पावसाळ्यात ती पसरायची, उन्हाळ्यात आक्रसायची आणि मागे राहिलेल्या हिरव्या कुरणांवर गुरं जगायची. सगळं जीवन या भरती-ओहोटीवर बेतलेलं होतं. २०१९ पासून लागोपाठ मोठे पूर आले. व्हिक्टोरिया सरोवराची पातळी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये विक्रमी चढली. ते पाणी काही महिन्यांनी इथे उतरतं. जमीन सपाट, माती चिकण काळी. पाणी झिरपत नाही आणि वाहूनही जात नाही. युनिटी राज्यात काही गावं वर्षानुवर्षं पाण्याखाली आहेत.

बेंटिऊजवळची विस्थापितांची वसाहत आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. मातीचे बांध घालून ती राखली आहे. हे बांध चिकणमातीचे असतात, लाटांनी आतून कोरले जातात, एका जागी पाझर सुरू झाला की काही तासांत भगदाड पडतं. म्हणून प्लास्टिकचे कागद, वाळूची पोती आणि पंप लागतात आणि रात्रंदिवस पाहारा ठेवावा लागतो. पुरात ज्वारी गेली, गुरं मेली, सरपण भिजलं की बायका छातीइतक्या पाण्यात उतरून पाणकमळाचे कंद आणि बोंडं काढतात. बिया वाळवून, कुटून पीठ करतात. पोट भरतं, पण लहान मुलाची वाढ त्यावर होत नाही.

धान्य पोहोचवायला इतकं अवघड का जातं?

काळ्या मातीतून पावसाळ्यात ट्रक गेलेले कुणी पाहिले असतील त्यांना लगेच कळेल. मे ते नोव्हेंबर देशाचे बहुतेक रस्ते बंद असतात. जुबा ते युगांडाच्या सीमेवरचं निमुले हा १९२ किलोमीटरचा डांबरी रस्ता २०१२ मध्ये पूर्ण झाला, तो मोठ्या मार्गांतला पहिलाच. म्हणून डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत मोंबासा–कंपाला–निमुले मार्गाने धान्य आणून ठिकठिकाणच्या गोदामांत आधीच साठवतात. या महिन्यांत निधी आला नाही तर वर्षाचं गणित बिघडतं. जूनमध्ये आलेल्या पैशाचं धान्य विमानाने न्यावं लागतं आणि तेवढ्याच पैशात कितीतरी कमी लोकांना पुरतं.

विमानातून टाकण्याची पद्धत अशी. जमिनीवरचं पथक मोकळा पट्टा निवडून खुणा करतं आणि माणसं-गुरं लांब ठेवतं. विमान काही शे मीटर उंचीवरून जातं आणि मागच्या दारातून ज्वारीच्या गोण्या सोडतं. गोणी एकात एक अशी अनेकपदरी असते, म्हणजे आतली फुटली तरी दाणे बाहेरच्या पोत्यात राहतात. तेलाच्या डब्यांना वेगळं आवरण किंवा पॅराशूट लागतं. मग गोण्या वेचणं, मोजणं, बोटांच्या ठशांनी नोंदणी तपासणं आणि वाटप.

माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हा पूर्ण शिध्याचा हिशेब आहे: साधारण ४०० ते ५०० ग्रॅम धान्य, ५० ते ६० ग्रॅम डाळ, २५ ते ३० ग्रॅम तेल, थोडं मीठ. निधी कमी पडल्यावर बऱ्याच ठिकाणी निम्मा किंवा त्याहून कमी शिधा मिळतो. बिघाड बहुतेक वाटपानंतर होतो. दोन दिवस चालत घरी जाणाऱ्या बाईला वाटेत लुटतात किंवा बंदूकवाले आपला ‘वाटा’ मागतात. वाटपाची जागा गावाजवळ ठेवणं आणि शिधा थोडा थोडा देणं हे त्यावरचे उपाय आहेत, पण दोन्हींनी खर्च वाढतो.

कुपोषित मूल कसं ओळखतात, उपचार काय?

आपल्या अंगणवाडीत असते तीच दंडघेराची पट्टी तिथेही चालते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर दंडघेर काहीही असो, ते मूल अतितीव्र समजायचं.

भूक शाबूत असेल आणि दुसरा आजार नसेल तर घरीच उपचार होतो. शेंगदाणे, दूध भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांची तयार पेस्ट ९२ ग्रॅमच्या पाकिटात मिळते. एका पाकिटात ५०० किलोकॅलरी. वजनानुसार रोज दोन-तीन किंवा अधिक पाकिटं, साधारण सहा ते आठ आठवडे. मूल खायलाच तयार नसेल, ताप, जुलाब, सुस्ती असेल तर दवाखान्यात भरती. गफलत होते ती घरात पाकिट चार भावंडांत वाटलं जातं तेव्हा. यात आईचा दोष काढू नये, घरात दुसरं अन्नच नसतं. म्हणून कुटुंबाचा शिधा आणि मुलाचा उपचार एकत्र चालावा लागतो.

कॉलरा का आटोक्यात येत नाही?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुदानच्या सीमेवरच्या रेंक इथे साथ जाहीर झाली आणि वर्षभरात देशभर पसरली. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास हे मानक गर्दीच्या बऱ्याच छावण्यांत पाळलं जात नाही.

२० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला ६७ मिलिग्रॅमची क्लोरीनची एक गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळायचं आणि गोळ्या दोन. गढूळ पाण्याला एकच गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, ही नेहमीची चूक. जुलाब लागल्याबरोबर जलसंजीवनी द्यायची. पाकिट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. डोळे खोल गेले, नाडी लागत नाही, पिता येत नाही अशा रुग्णाला शिरेतून सलाइन लागतं, वर्षाच्या पुढच्यांना किलोमागे १०० मिलिलिटर, तीन तासांत. वेळेत मिळालं तर शंभरातला एखादाच दगावतो. इथे अडतं ते दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर. त्यात दवाखानेही सुरक्षित नाहीत: ३ मे २०२५ रोजी जुन्या फांगाकमधल्या रुग्णालयावर बॉम्ब पडले.

गुरांवरून इतकी माणसं का मरतात?

गाय ही तिथली बँक आहे. लग्नात वधूमूल्य गुरांत देतात, खुनाची भरपाई गुरांत ठरते. गुरं नसलेल्या तरुणाचं लग्न होत नाही. पूर्वी भाल्यांनी होणारी गुरांची लूट आता एके-४७ ने होते. जोंगलेई आणि पिबोरमध्ये लुटीबरोबर बायका-मुलं पळवली जातात. पुरामुळे डिंका गुराखी गुरं घेऊन दक्षिणेला इक्वेटोरियात उतरले आणि तिथल्या शेतकऱ्यांची उभी पिकं तुडवली गेली, तो तंटा वेगळाच.

मुली आणि बायकांची स्थिती?

सुमारे निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. घरात टंचाई आली की वधूमूल्यासाठी ती आणखी लवकर लावली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये दर १ लाख जिवंत जन्मांमागे १,२२३ मातामृत्यू होते. छावणीबाहेर सरपण आणायला जाताना बलात्काराचा धोका असतो. पुरुष गेले तर त्यांना मारतात, म्हणून बायका जातात. कमी लाकूड लागणाऱ्या चुली आणि गस्त यांनी थोडा फरक पडतो.

सुदानच्या युद्धाने काय बदललं?

१० लाखांहून जास्त लोक तिथून आले, बहुतेक रेंकजवळच्या जोडा सीमेवरून. त्यात बरेचसे पूर्वी तिकडे आश्रयाला गेलेले दक्षिण सुदानीच. ज्या देशातून २० लाखांहून जास्त माणसं शेजारी देशांत निर्वासित आहेत, त्याच देशात ही माणसं परतली. सर्वांत जास्त, १० लाखांच्या आसपास, युगांडात आहेत आणि तिथे त्यांना राहायला जमिनीचा तुकडा व कामाची परवानगी मिळते. ही युगांडाची मोठी गोष्ट आहे आणि तिची पुरेशी दखल घेतली जात नाही.

भारताचा संबंध काय?

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताच्या तुकड्या सुरुवातीपासून आहेत. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेईतल्या गुमुरुकजवळ ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय जवान गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोत आणखी दोघे. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर २०१९ पासून तीन वर्षं या सेनेचे प्रमुख होते. डिसेंबर २०१३ मध्ये शांतिसेनेने तळांचे दरवाजे उघडले आणि हजारो जीव वाचले, हे विसरता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकलच्या तळातल्या वसाहतीवर हल्ला झाला तेव्हा संरक्षण कमी पडलं, हेही तितकंच खरं. जुलै २०१६ च्या लढाईत भारतीय हवाई दलाने ‘संकटमोचन’ मोहिमेत जुबाहून दीडशेहून अधिक लोकांना बाहेर काढलं. तेलक्षेत्रांतही ओएनजीसी विदेशची भागीदारी आहे.

काही चांगलं घडलं आहे का?

नारू. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला पायऱ्यांच्या विहिरी आणि पायातून निघणारा तो धागा आठवत असेल. भारत २००० साली नारूमुक्त ठरला. दक्षिण सुदानात २००६ मध्ये २० हजारांहून जास्त रुग्ण होते. पाणी गाळायची कापडं आणि गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायच्या नळीसारख्या गाळण्या वाटल्या, रुग्णाला पाण्यात उतरू न देण्याची दक्षता घेतली आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी रोज फेरी मारली. हल्ली वर्षाचा आकडा एक अंकी असतो. युद्ध चालू असताना हे झालं.

कामासाठी तिकडे जायचं आहे, काय तयारी हवी?

पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न चुरगळलेल्या ठेवा, जुन्या घेत नाहीत. पूल, विमानतळ, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नका, त्यावरून अटक होते. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका आणि पोहोचताच दूतावासात नोंद करा.

इथून मदत करायची तर?

कपडे, औषधं, धान्य गोळा करून पाठवू नका. ती जुबाच्या पुढे नेण्याचा खर्च वस्तूंच्या किमतीपेक्षा जास्त होतो. पैसे द्या, तेही तिथे आधीपासून पथकं असलेल्या संस्थांना. नोव्हेंबर-डिसेंबरात दिले तर कोरड्या रस्त्याने धान्य जातं. संस्थेला विचारायचे प्रश्न तीन: कोणत्या परगण्यात काम आहे, पावसाळ्यात ते कसं चालतं आणि स्थानिक कर्मचारी किती. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकर सवलत मिळेल असं गृहीत धरू नका, पावती घेण्याआधी विचारा.